लहान गांवीं बिऱ्हाड करावें काय?

गेल्या कांहीं वर्षांत माझ्याकडे एक प्रश्न वारंवार येऊं लागला आहे. विचारणारे बहुधा माझे जुने विद्यार्थी असतात. पुण्यांत किंवा मुंबईंत नोकरी करून चाळिशीच्या घरांत आलेले, दोन मुलांचे बाप झालेले हे गृहस्थ सुटींत वाईस येतात, कृष्णेच्या घाटावर एक संध्याकाळ घालवितात आणि मग माझ्या ओसरीवर बसून म्हणतात, "गुरुजी, वाटतें, शहरांतलें सारें आवरून इकडेच बिऱ्हाड करावें. आपला सल्ला काय?" पूर्वीं मी तत्काळ "अवश्य या" असें म्हणत असें. ज्या गांवांत आपला जन्म गेला त्याची शिफारस करावयास विचार तो कसला लागणार! परंतु अलीकडे मी तसें म्हणत नाहीं. उलट त्यांनाच चारदोन प्रश्न विचारतों. हा बदल कां झाला आणि ते प्रश्न कोणते, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

मी कोणी मोठा विद्वान नव्हें. १९७५ सालीं जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, पुढें शिक्षकाची पदविका घेतली आणि वाई तालुक्यांतील प्राथमिक शाळांतून पस्तिसांहून अधिक वर्षें मुलें शिकविलीं. तेव्हां मी सांगणार तें शास्त्र नव्हे. एकाच गांवीं दीर्घकाळ राहिलेल्या माणसानें पाहिलेलें व भोगलेलें तें आहे. उदाहरण मी वाईचेंच घेणार. परंतु अशा कोणत्याही तालुक्याच्या गांवास तें थोड्याफार फरकानें लागू पडावें.

प्रथम लहान नगर म्हणजे काय, तें पाहूं. शिरगणतीच्या व्याख्येप्रमाणें जेथें नगरपरिषद आहे तें नगर होयच. परंतु नगरपरिषद नसली तरी जेथें निदान ५,००० लोकवस्ती आहे, दर चौरस किलोमीटरास निदान ४०० माणसें राहतात, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकीं शेंकडा ७५ शेतीखेरीज अन्य व्यवसायावर पोट भरतात, तेंही नगर. या शेवटच्या अटींत लहान नगराचें सारें मर्म आहे. भोवतालचीं खेडीं शेती करतात आणि त्यांचीं शेतीबाहेरचीं कामें नगर करतें. बाजार, कचेरी, दवाखाना, शाळा, बसस्थानक या पांच गोष्टींवर असें गांव उभें असतें. म्हणून तेथें खेड्याचा निवांतपणा पुरता नसतो आणि शहराची सोयही पुरती नसते. दोहोंचा थोडाथोडा वांटा मिळतो. तो कोणाच्या पदरांत किती पडतो, एवढाच प्रश्न.

वाईची २०११ च्या शिरगणतींतील वस्ती सुमारें ३६ हजार होती. सातारा येथून सुमारें ३५ किलोमीटर, पुणें नव्वदीच्या आंतबाहेर. पसरणीचा घाट चढला कीं पांचगणी लागते आणि पुढें महाबळेश्वर. गांवाला आगगाडी नाहीं; वाठार स्टेशन सुमारें तीस किलोमीटरांवर. मोठा हमरस्ता सुरूरच्या फाट्याशीं गांठावा लागतो. वरच्या अंगास धोमचें धरण, खालीं भुईंजेस साखर कारखाना, पेठेंत हळदीचा जुना व्यापार. विद्येचें म्हणाल तर, प्राज्ञपाठशाळा येथलीच, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें काम येथेंच बसून उभें केलें. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. छत्तीस हजार वस्तीच्या गांवांत असें कार्य होऊं शकतें, ही गोष्ट लहान गांवास नांवें ठेवणारांनीं ध्यानांत ठेवावी.

परंतु बिऱ्हाड विश्वकोशावर चालत नाहीं. आणि येथेंच पाहुण्यांची पहिली चूक होते. पाहुणा गांव नदीच्या बाजूनें पाहतो. १७६२ सालीं रास्ते यांनीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ, सात घाट, मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा, हें सर्व पाहून तो मोहून जातो, आणि तें योग्यच आहे. पण राहणारा माणूस गांव बसस्थानकाच्या बाजूनें पाहतो. त्यास मे महिन्यांतील व नाताळच्या सुटींतील महाबळेश्वरकडे निघालेल्या मोटारींची रांग दिसते. तिच्यांतून वाट काढीत भाजी आणावयाची असते. महाबळेश्वरास वर्षास पांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि वाई डोंगराच्या आडोशास असल्यामुळें त्याचा लहानसा अंशच येथें पडतो. तरीही धरणाचे दरवाजे उघडले कीं त्या रम्य घाटाच्या पायऱ्या पाण्याखालीं जातात. म्हणून माझें पहिलें सांगणें असें कीं, गांव पाहावयाचें तर सणासुदीस पाहूं नये. शाळा चालूं असतां, आषाढांत एकदां आणि वैशाखांत एकदां यावें, आठ दिवस राहावें आणि घाटाकडे पाठ करून राहावें.

त्या आठ दिवसांत पाहावयाचें काय? घरभाडें, हवा, भाजीचे भाव हीं लोक पाहतातच. माझें माप निराळें आहे. घरांतील जें माणूस सर्वांत दुबळें किंवा सर्वांत बांधलेलें असेल, तें एकटें, पायीं किंवा साध्या वाहनानें, आपल्या कामास जाऊन सुखरूप परत येऊं शकतें काय? कुटुंबांतील प्रत्येकाची अशी स्वतंत्र फेरी जेथें होऊं शकते तें गांव त्या कुटुंबास मानवेल. ज्याची फेरी होत नाहीं तो घरांत अडकतो, आणि एक अडकला कीं घर हळूहळू नासतें. आतां हें माप एकेकास लावून पाहूं.

मुलांपासून आरंभ करूं, कारण येथें लहान गांवाची बाजू बळकट आहे. सहा वर्षांचें मूल शाळेंत चालत जाऊं शकतें. वाटेंत त्याचा गुडघा फुटला तर मलमपट्टी करणारा दुकानदार त्याच्या बापाला ओळखत असतो. शाळा निवडतांना मात्र इमारत व गणवेश पाहून भुलूं नये. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें पहिली ते पांचवीस दर तीस मुलांमागें एक आणि सहावी ते आठवीस दर पस्तीस मुलांमागें एक शिक्षक असावा असें घातलें आहे. वरच्या वर्गांस गणित-विज्ञान, भाषा व समाजशास्त्र यांस निरनिराळे शिक्षक हवेत. तेव्हां शाळेंत जाऊन दोनच गोष्टी विचाराव्या: वर्गांत पट किती, आणि गणित कोण शिकवितें. उत्तर चाचरत आलें तर समजून घ्यावें.

अडचण पुढें येते. दहावीपर्यंत गांव पुरतें, बारावीपर्यंतही पुरतें, येथें कला, वाणिज्य व शास्त्र यांचें महाविद्यालयही आहे. परंतु अभियांत्रिकी, वैद्यकी अथवा एखादी वेगळी कला शिकावयाची म्हटली कीं सातारा, कऱ्हाड किंवा पुणें. माझ्याजवळ एक जुनी वही आहे. तींत सातवी सुटून गेलेल्या माझ्या मुलांचीं नांवें व पुढें कोण कोठें गेला हें मी लिहीत आलों आहें. अर्ध्याहून अधिक नांवांपुढें "पुणें" असा एकच शब्द आहे. त्यांचें मला दुःख नाहीं. पण सहा वर्षांच्या मुलासाठीं जे येथें येऊं इच्छितात त्यांनीं तें मूल सतरा वर्षांचें व्हायचें आहे हें विसरूं नये. शहरांतल्या भाड्यांत वाचलेला पैसा अकरा वर्षांनीं वसतिगृहांत जावयाचा आहे, असें समजून तो आजच बाजूस ठेवावा.

मिळवत्या माणसाविषयीं थोडक्यांत सांगतों. वाईहून साताऱ्यास रोज जाऊन येणारे पुष्कळ आहेत, आणि तें जमतें. पुण्यास रोज जाऊन येईन असें जो म्हणतो त्यानें महिनाभर करून दाखवावें. दिवसाचे चार-पांच तास रस्त्यावर घालवून जो घरीं येतो तो कुटुंबांत राहतो असें म्हणतां येणार नाहीं. घरीं बसून संगणकावर काम करणारांस आतां ही अडचण नाहीं. त्यांनीं वीज किती वेळां जाते व जोडणी किती वेळां तुटते, याची आठ दिवसांची टिपण ठेवावी. परंतु एक गोष्ट बहुतेक पुरुष विसरतात. मिळवतीं माणसें दोन असतील तर कामेंही दोन लागतात. नवऱ्याचें काम बरोबर येतें म्हणून बायकोचेंही येईल असें नाहीं. याविषयीं पुढें बोलेन.

तिसरी गोष्ट आजारपण. वाईंत ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी दवाखानेही आहेत. ताप, खोकला, बाळंतपण, हाड मोडणें यांसाठीं कोणी अडत नाहीं. शिवारालगतच्या गांवांत राहणारानें एक चौकशी अगत्य करावी: सर्पदंशावरील लस कोठें मिळते? नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही विषारी जातींवर एकच लस चालते. मांत्रिकाकडे न जातां तें ठिकाण गांठणें एवढेंच आपलें काम.

खरी परीक्षा रात्रीं होते. २०१८ सालीं एका रात्रीं आमच्या घरांतून छातींत कळा येऊं लागल्या. आम्ही एके ठिकाणीं दार ठोठावलें; तेथें रात्रपाळीस डॉक्टर नव्हते. दुसरीकडे मिळाले, त्यांनीं हृदयाचा आलेख काढला, औषध दिलें आणि आम्हांस साताऱ्याकडे धाडलें. पहिल्या दारांत आमचीं वीस मिनिटें गेलीं. हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी जितकी लवकर मोकळी होईल तितका स्नायू वांचतो. तासा-दोन तासांत ती उघडावी, आणि तें शक्य नसेल तर गुठळी विरघळविणारें औषध आधीं टोंचावें, असें वैद्यकशास्त्र सांगतें. मेंदूंत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातांत तें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. म्हणजे साताऱ्याचें अंतर प्राणघातक नाहीं. पहिल्या दारांतील वीस मिनिटें होऊं शकतात. सुदैवानें आमचें माणूस वांचलें. तेव्हांपासून मी सर्वांस सांगतों, गांवांत रुग्णालय आहे काय असें विचारूं नका. रात्रीं दोन वाजतां तेथें कोण असतें, असें विचारा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. ती आपल्या आळींत वळते काय, हेंही घर घेतांना पाहून ठेवावें.

घराचा विषय निघालाच आहे म्हणून दोन शब्द. आल्याबरोबर जागा विकत घेऊं नये. एक वर्ष भाड्यानें राहावें आणि शहरांतलें घर तोंवर सोडूं नये. पुढें घेतलीच तर ती बिगरशेती आहे काय, नळाची जोडणी मिळते काय, हें पाहावें. नदीकांठच्या गांवीं पूररेषेचा नकाशा अवश्य पाहावा. निळ्या रेषेच्या आंत सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराचें पाणी शिरतें, तांबड्या रेषेच्या आंत शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराचें. नदी दिसणारें घर घेण्यापूर्वीं नदी घरांत तर येत नाहीं ना, हें विचारणें शहाणपणाचें.

आतां ज्याचें माप घेणें अत्यंत कठीण त्याकडे येतों. लहान गांवांत सर्व जण सर्वांना ओळखतात. हाच तेथील मोठा गुण आणि हाच मोठा दोष. हरवलेलें मूल ज्या ओळखीमुळें घरीं पोंचतें, त्याच ओळखीमुळें नव्यानें आलेल्या सुनेला "आज इकडे कुठें?" असा प्रश्न चार ओट्यांवरून ऐकावा लागतो. आम्हां पुरुषांस ती विचारपूस वाटते. ती ऐकून घेणाऱ्या बाईस काय वाटतें हें मला वयाच्या साठीनंतर कळलें, आणि तेंही कसें, तें सांगणें प्राप्त आहे.

२०२० च्या मार्चांत टाळेबंदी झाली तेव्हां माझा मुलगा, सूनबाई, अकरा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू पुण्याहून घरीं आले. महिन्याभराकरितां आलेलीं माणसें वर्षाहून अधिक राहिलीं. मुलाचें काम संगणकावरचें. तें माडीवर चालूं झालें. नातू परसांत रमला. नात मजजवळ गणित शिकूं लागली. माझ्या आनंदास पारावार राहिला नाहीं. निवृत्तीच्या शिलकेंतून मी माडीवर आणखी एक खोली चढविली आणि मुलास म्हणालों, "आतां पुण्याचें घर भाड्यानें देऊन टाक." त्याचीही मनांतून तयारी झाली होती. नातवाची शाळा ठरली. सूनबाईस कोणी विचारलें नाहीं असें नाहीं, विचारलें, आणि ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसें, अण्णा." हें उत्तर आम्ही संमति म्हणून धरलें. पस्तीस वर्षें मुलें शिकविलेल्या माणसास, "समजलें" म्हणून मान हालविणारा विद्यार्थी बहुधा न समजलेला असतो, हें ठाऊक असावयास हवें होतें.

आमच्या सौभाग्यवतींनीं मला जागें केलें. त्या म्हणाल्या, "मास्तर, सगळ्यांना प्रश्नपत्रिका काढतां, घरांत एक काढा कीं." मीं काढली. प्रत्येकास एक कागद दिला आणि प्रश्न घातला: गेल्या आठवड्यांत तुम्ही एकट्यानें, स्वतःच्या कामास, घराबाहेर कोठें गेलां? नातवानें सहा ठिकाणें लिहिलीं. त्यांत एक चिंचेचें झाड होतें. नातीनें मैत्रिणीचें घर व वाचनालय लिहिलें. मुलानें बँक, केशकर्तनालय आणि पहाटेचा घाट लिहिला. मीं स्वतः इतकीं लिहिलीं कीं कागद पुरला नाहीं. सूनबाईच्या कागदावर दोनच ओळी होत्या. "मंगळवारीं मंडईंत गेलें. तिघींनीं विचारलें, पुण्याला परत कधीं जाणार?"

ती पुण्यांत एका प्रयोगशाळेंत काम करीत असे. तें काम माडीवर आणतां येण्याजोगें नव्हतें. बिनपगारी रजा संपत आली होती आणि नोकरी सोडावी लागणार हें तिनें कोणास बोलूनही दाखविलें नव्हतें. त्या रात्रीं ती प्रथमच म्हणाली, "अण्णा, इथें मला काहीं कमी नाहीं. फक्त मी सोडून सगळ्यांना गांव आहे. मला नुसतें घर आहे."

२०२१ च्या जूनमध्यें तीं चौघें पुण्यास परत गेलीं. मुलगा थोडा घुटमळला, मी अधिक. नातू चिंचेसाठीं रडला. परंतु निर्णय बरोबर होता याविषयीं आज माझ्या मनांत संदेह नाहीं. सूनबाई कामावर रुजू झाली. सुटींत येते तेव्हां मंडईंतून हंसत येते, कारण परत कधीं जाणार या प्रश्नास तिच्यापाशीं आतां तारीख असते.

माडीवरच्या खोलींत पुढें मीं एक बिऱ्हाड ठेवलें. बाई दवाखान्यांत परिचारिका, पति शाळेंत लेखनिक, एक मुलगी तिसरींत, आणि बरोबर वृद्ध सासूबाई. बाई पायीं कामावर जाते; रात्रपाळीहून येतांना वाटेवरचा दूधवाला तिला घरापर्यंत सोबत करतो. मुलगी शाळेंत पायीं जाते. सासूबाई रोज सायंकाळीं देवळापर्यंत जाऊन चार समवयस्क बायकांत बसून येतात. चौघांच्याही फेऱ्या होतात. त्यांस पुण्यांत जागा मिळत होती. ते गेले नाहींत. घर तेंच, गांव तेंच. एका कुटुंबास तें जाचलें, दुसऱ्यास मानवलें.

म्हणून, श्रोतेहो, लहान गांव चांगलें कीं वाईट असा वाद घालण्यांत मला अर्थ दिसत नाहीं. कोणासाठीं, आणि त्याच्या वयाच्या कोणत्या काळांत, असें विचारावें. माझा तो विद्यार्थी पुन्हां ओसरीवर येऊन बसला तर मी त्यास घाटाचें वर्णन करणार नाहीं. आठ दिवस राहून पाहा, वर्षभर भाड्यानें राहा, रात्रीं दोन वाजतांचें दार ठाऊक करून ठेव, मूल सतरा वर्षांचें झाल्यावरचा पैसा वेगळा काढ, एवढें सांगेन. आणि शेवटीं एक कागद त्याच्या हातीं देऊन म्हणेन, "हा घरीं ने. तुझ्या मंडळींना भरूं दे. त्या लिहीत असतां तूं खोलींत बसूं नकोस."

कागद भरलेला परत आला, तर मग मी पूर्वींसारखाच मोकळ्या मनानें "अवश्य या" म्हणेन. वाईंत अजून पुष्कळ जागा आहे.